गाडीची चाचणी आणि गाडीची कसोटी

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



नवी आगगाडी आली की आपल्याकडे उत्सवाचे वातावरण निर्माण होते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-साईनगर शिर्डी ही वंदे भारत गाडी सुरू झाली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत आली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. दोन्ही गाड्या नाशिकरोडवरून जातात. त्यांचे कौतुक झाले, भाड्याबद्दल कुरकुरही झाली. मला आज वेगळा प्रश्न मांडावयाचा आहे. नव्या गाडीची चाचणी घेतात तेव्हा नेमके काय तपासले जाते, आणि काय तपासावयाचे राहून जाते?

प्रथम यंत्राचा विचार करू. नाशिकला येणाऱ्या गाडीची खरी परीक्षा कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात होते. १८६५ पासून गाड्या हा घाट चढत आहेत. त्याचा चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने फारच खडा आहे. एका इंजिनाच्या गाडीला कसाऱ्यास मागून बँकर इंजिने जोडावी लागतात आणि या जोडाजोडीत वेळ जातो. वंदे भारतला बँकर लागत नाही. तिच्या सोळा डब्यांपैकी आठ डब्यांखाली मोटारी आहेत; भार ओढण्याचे काम सबंध गाडीत वाटून दिलेले आहे. उद्घाटनापूर्वी घाटात तिच्या चाचण्या झाल्या आणि ती उत्तीर्ण झाली. ही रचना पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, म्हणजे सार्वजनिक मालकीच्या कारखान्यात आकारास आली. तिचा आपल्याला अभिमानच वाटला पाहिजे. यंत्राशी आपले वैर नाही.

चाचणीची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, वेगात डबा किती हेलकावे खातो, याची मापे लखनौची रेल्वे संशोधन संस्था घेते. ऑगस्ट २०२२ मध्ये कोटा-नागदा मार्गावर ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वंदे भारतमध्ये काठोकाठ भरलेल्या पेल्यातील पाणी सांडले नाही, हे दृश्य देशभर दाखविले गेले. परंतु प्रवाशांना घेऊन धावण्यापूर्वी नव्या बनावटीच्या गाडीस रेल्वे सुरक्षा आयुक्तांची संमती लागते, आणि हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. गाडी चालविणाऱ्या खात्यानेच तिला उत्तीर्ण ठरवू नये, हे यामागील तत्त्व आहे. ते फार मोलाचे आहे.

आता दुसऱ्या एका गाडीची हकीकत पाहा. २०१९ च्या आरंभी नाशिक-कल्याण मार्गासाठी म्हणून बांधलेली लोकल गाडी चेन्नईहून मुंबईच्या कारशेडमध्ये दाखल झाली. घाटासाठी तिला पार्किंग ब्रेकची सोय केलेली होती. नाशिक, देवळाली, घोटी, इगतपुरी येथून कल्याण-ठाण्यास कामाला जाणारा माणूस तिच्याकडे डोळे लावून बसला होता. त्याच वर्षी १९ जानेवारीस मुंबई-दिल्ली राजधानी एक्स्प्रेस नाशिकमार्गे धावू लागली. पुढे-मागे इंजिने असल्याने तिचा घाटाचा प्रश्न सुटला. लोकल मात्र नाशिककरांच्या सेवेत कधी आलीच नाही. मुंबईची लोकल आजही कसाऱ्यालाच संपते आणि पुढे टॅक्सीवाल्याशी घासाघीस करावी लागते.

घाटातील धोका खरा आहे. अभियंते सुरक्षेच्या कारणाने नाही म्हणत असतील, तर तो शब्द मानलाच पाहिजे. पण एका गाडीच्या वाटेतील अडचण दूर करण्यासाठी बुद्धी आणि पैसा मिळतो व दुसरीची अडचण अडचणच राहते, तेव्हा प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही, अग्रक्रमाचा होतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी आणखी एक मुद्दा मांडतो. गाडीची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. लोहमार्गावर दिवसाकाठी ठरावीकच गाड्या धावू शकतात, आणि घाटात ही मर्यादा अधिकच जाचक होते. वेगवान गाडीला वाट दिली की दुसरी कोणती तरी गाडी सायडिंगला उभी राहते. तीत बसलेल्यांचा गेलेला वेळ हा नव्या गाडीचा खर्चच होय. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. वंदे भारतमध्ये ११२८ आसने आहेत, सर्व आरक्षित. साधारण डबा नाही. २०२३ मध्ये मुंबई-नाशिकरोडचे जेवणाविना भाडे ५५० रुपये होते. १ नोव्हेंबर १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटीने मासिक पासावर ये-जा करणारा नोकरदार वर्ग या भाड्यात रोज प्रवास करू शकत नाही.

दुसरी वाट शक्य असते, हे याच लोहमार्गाने पाहिले आहे. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. वेगवान असूनही ती वर्गविरहित होती. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्याही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे गीतांजलीला वातानुकूलित डबे जोडले गेले. परंतु वेग ही केवळ वरच्या वर्गाची मिरास नव्हे, हे सिद्ध झाले ते झालेच. आजच्या बिगर-वातानुकूलित अमृत भारत गाड्यांत या विचाराचा काही अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. पण प्रमाण पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सहरसा-लोकमान्य टिळक टर्मिनस अमृत भारत नाशिकमार्गे सुरू झाली ती आठवड्यातून एकदा. दोन्ही वंदे भारत मात्र आठवड्याचे सहा दिवस.

यंत्राची परीक्षा घ्यावयास स्वतंत्र आयुक्त आहे. गाडीच्या सामाजिक उपयुक्ततेची परीक्षा घेणारा कोणी नाही. ती कार्यकर्त्यांनी हाती घ्यावी. वेळापत्रक हाती घेऊन स्टेशनावर उभे राहा. साधारण डब्यात किती माणसे चढतात, किती फलाटावरच राहतात, कोणती गाडी कोणासाठी किती मिनिटे थांबवली जाते, पासधारकास कामावर पोहोचण्यास किती उशीर होतो, याची महिनाभर नोंद ठेवा. ती घेऊन रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे आणि खासदारांकडे जा. नुसत्या घोषणेला उत्तर देणे सोपे असते. तारीख-वेळेसह लिहिलेल्या नोंदीला उत्तर देणे अवघड जाते.

पेल्यातील पाणी सांडले नाही, हे उत्तमच झाले. फलाटावर किती माणसे सांडली, तेही कोणीतरी मोजले पाहिजे.