खारघरच्या वणव्यापासून उपग्रहापर्यंत





उपग्रहांच्या मदतीने वणव्याच्या धुराचा माग काढणे हा आपल्या परिषदेचा विषय नवी मुंबईच्या दाराशीच आहे. उन्हाळा लागला की खारघरच्या टेकड्यांवरचे वाळलेले गवत पेटते. पलीकडे रायगडात शेतकरी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजतात. जानेवारी २०१६ मध्ये खाडीपलीकडची देवनारची क्षेपणभूमी पेटली, तेव्हा तो धूर उपग्रहचित्रांत दिसला आणि खाली परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून वणव्यांच्या सूचना देते. आज सुओमी एनपीपी उपग्रहावरचा संवेदक ३७५ मीटरच्या चौकटीतली आग टिपतो. मात्र तो आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. संध्याकाळी पेटून मध्यरात्रीपूर्वी विझणारा वणवा त्याला सापडत नाही. आपला इन्सॅट-३डीएस सतत पाहत असतो, पण त्याच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे ४ किलोमीटरचा. लहानशी टेकडी त्यात हरवते.

धुराची अडचण याहून मोठी. हवेतले कण मोजायला बहुतेक उपग्रहांना सूर्यप्रकाश लागतो, आणि जमिनीपासून आकाशापर्यंतचे सगळे कण ते एकत्रच मोजतात. दिवसा खारे वारे धूर डोंगरापलीकडे लोटतात. रात्री मतलई वारे सुटले की तोच धूर वस्तीत उतरतो. म्हणजे दम्याच्या रुग्णाला ज्या वेळी त्रास होतो, नेमकी त्याच वेळी ही मोजणी थांबलेली असते.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणे मागतो. उपग्रहाची नोंद, जमिनीवरच्या केंद्रांतले पीएम २.५चे आकडे आणि वाऱ्याचा अंदाज यांची सांगड घालून, रात्री धूर शहराच्या कोणत्या नोडकडे, म्हणजे कोणत्या वसाहतीकडे, येणार हे संध्याकाळीच सांगता येईल का, याचा विचार इथे व्हावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने दिल्लीसाठी अशी पूर्वसूचना २०१८ पासून सुरू केली आहे. तेव्हा ही मागणी अवाजवी नसावी.