मोजणीचं यंत्र आणि बाईचा बांध
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील मांडणी)



१९७० च्या दशकात शहाद्याच्या भागात जमिनीचा आणि दारूविरोधी लढा उभा राहिला, तेव्हा भिल्ल बायका पुढे होत्या. पण कसायला बाई आणि कागदावर पुरुष, हे चालूच राहिलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने थोडी वाट उघडली. कलम ४(४) प्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. एकटी बाई कुटुंब चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. मात्र पट्ट्यावर किती क्षेत्र लागणार, ते मोजणीवर ठरतं. ही मोजणी जीपीएसवर होते, म्हणून हे यंत्र आपल्याला कळलंच पाहिजे.

यंत्र उपग्रहांचे संदेश पकडून आपली जागा काढतं. त्याला किमान ४ उपग्रह लागतात. सागाच्या दाट पानांखाली, धडगावकडच्या दऱ्यांत, कड्याला लागून संदेश अडतात आणि चूक वाढते. हातातलं साधं यंत्र मोकळ्यावरही काही मीटर चुकतं. १ एकराचा चौकोनी तुकडा सुमारे ६४ मीटर लांब-रुंद असतो. चारही बाजूंनी रेघ ५ मीटर आत पडली, तर ४० गुंठ्यांचे २८ होतात! चूक दरवेळी अशी एकाच बाजूला पडत नाही, पण पडली तर भाकरी कोणाची जाते?

म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, आकडा स्थिरावू द्या. अँटेना मोकळ्या आभाळाखाली धरा. कोपऱ्यावर झाड असेल तर बाजूच्या मोकळ्या जागी नोंद घ्या आणि उरलेलं अंतर टेपने मोजा.

जास्त अचूक मोजणीला अँटेना उंच दांड्यावर किंवा तिपाईवर लावतात. इथे जिवाचा प्रश्न आहे. दांडा उभारण्याआधी वर बघा. धातूच्या आणि कार्बनच्या दांड्यातून वीज वाहते, त्यामुळे तारेखाली किंवा तारेजवळ तो उभा करायचाच नाही. उभा दांडा घेऊन तारेखालून चालायचंही नाही, आधी आडवा करायचा. आभाळ गडगडलं की काम बंद, दांडा खाली आणि आपण त्यापासून व झाडापासून दूर. उतारावर तिपाईचे दोन पाय खालच्या अंगाला, एक वरच्या अंगाला, तिन्ही मातीत नीट रोवलेले. पोरांच्या हाती दांडा देऊ नका.

आणि लक्षात ठेवा, यंत्र म्हणजे शेवटचा शब्द नाही. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे उपग्रहाची चित्रं आणि तंत्रज्ञान हा इतर पुराव्यांना जोड आहे, त्यांची जागा ते घेत नाही. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असल्याच पाहिजेत. त्यांनी मोजणीला हजर राहावं.

यंत्र हातात धरून जो चालतो, त्याचीच वाट त्यात उमटते. बांध कुठे आहे हे निंदणी करणाऱ्या बाईला माहीत असतं. तेव्हा मोजणीच्या दिवशी तिने घरी चूल सांभाळत बसायचं नाही. बांधावरून तिने पुढे चालायचं, आणि अंगठा देण्याआधी क्षेत्राचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यायचा.