इंजिनाच्या पोटातलं पाणी

मंडळी, इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या शेतात केळी आहे आणि केळीला ठिबक आहे. म्हणून सुरुवात ठिबकपासून करतो. दोन हंगाम झाले की ड्रिपरमधून पाणी कमी यायला लागतं. नळीचं टोक सोडलं की पांढरट गाळ बाहेर पडतो. मग आपण ॲसिड सोडून नळ्या धुतो. एका ओळीला पाणी कमी गेलं तर घड बारीक राहतो, हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. तेच बोअरचं पाणी आपण बादलीनं आणून गाडीच्या रेडिएटरात ओततो. तिथं काय साचतं ते दिसत नाही, म्हणून त्याचा विचार होत नाही.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. दरवर्षी एक तास मी मुलांना भंगारातला रेडिएटर कापून दाखवायचो. एकदा नांदेड-अर्धापूर फेऱ्या मारणाऱ्या एका काळ्या-पिवळ्या जीपचा पितळी रेडिएटर हाती आला. रेडिएटरच्या नळ्या चपट्या असतात, आत जेमतेम दोन मिलिमीटरची फट. करवतीनं आडवा छेद घेतला तर मधल्या नळ्यांमधून उजेडच दिसेना. आत पांढऱ्या-तांबूस थराची गच्च भिंत. खिळ्यानं खरवडलं तर भिंतीवरचा जुना चुना निघावा तसा पोपडा निघाला. एका मुलानं त्यावर लिंबू पिळलं, तेव्हा बारीक फेस आला. चुनाच तो. तांबूस रंग इंजिनाच्या ओतीव लोखंडाच्या गंजाचा.

डिझेल किंवा पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यापैकी ढोबळमानानं एक तृतीयांशच चाकं फिरवायला लागते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि राहिलेली बव्हंशी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावी लागते. सिलिंडरात ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर हे पाणी वाहत असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, गरम पाणी रेडिएटरात येतं, वारा त्याला थंड करतो, पुन्हा आत. बाहेर ४३-४४ अंशांचा मे महिना असला की वाऱ्याची थंड करायची ताकदही उतरते. अशा वेळी नळीत चुन्याचा थर असेल तर उष्णता धातूतून बाहेर येईच ना. ॲल्युमिनियमच्या मानानं चुना उष्णता जवळजवळ अडवतोच.

आपला भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्यातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं आणि बोअर खोल गेलं की बहुधा ते आणखी जड होतं. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. त्या उन्हाळ्यात माणसांना मिळेल ते पाणी प्यावं लागलं, मग गाड्यांच्या वाट्याला चांगलं कुठून येणार? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालतं ते इंजिनाला चालतं असं समजू नका. आपलं शरीर जास्तीचे क्षार बाहेर टाकतं, रेडिएटर ते साठवून ठेवतो.

म्हणून कुलंट. त्याला अँटिफ्रीझ असंही म्हणतात आणि या नावानंच आपल्याकडे घोटाळा केला. "अर्धापुरात कुठं बर्फ पडतं?" असं मला कितीतरी ड्रायव्हरांनी विचारलं. इथली केळी घेऊन डिसेंबरात उत्तरेकडं जाणाऱ्या ट्रकवाल्यानं तरी हा प्रश्न विचारू नये. पण इथल्या इथं फिरणाऱ्यालाही कुलंट लागतंच. त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी घेतलं तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि उकळायला साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश जास्त लागतात. वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब असतो, त्यामुळे ते सव्वाशे अंशांच्याही पुढे टिकतं. घट्ट म्हणजे चांगलं, असं समजून काही जण निव्वळ कुलंट ओततात. तसं करू नका. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेतं. उष्णता वाहायचं खरं काम पाण्याचंच आहे.

माझ्या दृष्टीनं कुलंटातला सगळ्यात मोलाचा भाग आकारमानानं सगळ्यात लहान आहे. तो म्हणजे गंजरोधक. धातूवर तो एक पातळ कवच धरतो. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या डिझेल इंजिनात लायनर धडधडतो, त्याच्या पाण्याकडच्या बाजूला सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंड टोकरत जातात. असा लायनर हातात घेऊन पाहा, दाभणानं टोचल्यासारखी भोकं दिसतात. एखादं भोक आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग येतो. ते टाळायचं काम या गंजरोधकाचं.

आणि तोच झिजतो. ग्लायकॉल वर्षानुवर्षं तसंच राहतं, टाकीतली पातळीही बरोबर दिसते, रंगही फारसा उतरत नाही. आतलं औषध मात्र संपलेलं असतं. म्हणून "कमी झालं की टाकू" हा हिशेब चुकतो. जुन्या पद्धतीचं कुलंट साधारण दोन वर्षांत किंवा ४० हजार किलोमीटरला बदलावं. सेंद्रिय आम्लाचं नवं कुलंट पाच वर्षांपर्यंत चालतं. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात छापलेला आहे आणि वर्षं किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल ते धरायचं. गाडी दारात उभी असली तरी वर्षं मोजायचीच. तांबूस पाणी, तळाला गाळ किंवा तेलाचा तवंग दिसला तर तारखेची वाट पाहू नका. हिरवा, लाल, निळा रंग ही कंपनीची निवड असते. रंगावरून जात ओळखता येत नाही आणि दोन जाती एकत्र केल्या तर आत चिकट गाळ होऊ शकतो.

माझ्या घरातली गोष्ट सांगतो. शहरातल्या एका गॅरेजात गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, बिलात कुलंटचे पैसे होते. मे महिन्यात लातूरला निघालो. माळाकोळी ओलांडली आणि काटा चढायला लागला. गाडी पुतण्या चालवत होता. तो घाबरला, बोनेट उघडलं आणि माझा हात पोचायच्या आत गरम इंजिनात माठाचं गार पाणी ओतलं. हेडला तडा गेला. नंतर रेडिएटर सोडला तर आत साधं पाणी होतं, बुडाला चुना धरलेलं. पुतण्यावर मी रागावलो नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला राग आला तो बिलाचा, आणि तो अजून गेलेला नाही.

काटा चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि पंखा वाढवा. जागा मिळाली की सावलीत गाडी उभी करून इंजिन बंद करा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आत दाबाखाली शंभराच्या वरचं पाणी आहे, झाकण फिरवताच ते तोंडावर येतं. भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत.

बदलायचं काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. खाली रुंद तोंडाचं घमेलं ठेवा, आधी झाकण उघडा, मग रेडिएटरच्या खालचा नळ सोडा. नळ नसेल तर खालचा होज. जुनं निघालं की डीएम वॉटर भरून इंजिन थोडं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा, निथळ येईपर्यंत. हे पाणी बॅटरीसाठी मिळतं तेच, महाग नाही. त्या वेळी होज दाबून बघा. कडक झाला असेल किंवा फुगला असेल तर त्याच दिवशी बदला. मग पुस्तकात सांगितलेल्या जातीचं कुलंट सावकाश भरा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर लावून इंजिन चालवा. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येऊन पातळी उतरते. तेवढं भरा. इंजिनात अडकलेली हवा सगळ्यात फसवी. काटा शांत दाखवतो आणि हेड तापत राहतं. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो विचारून घ्या. नंतरचे दोन-तीन दिवस सकाळी थंड असताना बाटलीची पातळी पाहा, ती दोन रेघांच्या मध्ये हवी.

आता घमेल्यात उरलेल्या पाण्याचं बोलू, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. गोड म्हणून कुत्री चाटतात, गुरं तोंड घालतात, लहान पोरं बोट बुडवतात. मोठ्या माणसाचाही जीव जायला शंभर मिलिलिटरच्या आसपास पुरतं. आधी ते नशेसारखं चढतं, मग मूत्रपिंडं निकामी करतं. याच्याच सख्ख्या भावानं, डायएथिलीन ग्लायकॉलनं, १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला. ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. कुणाच्या पोटात हे गेल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, थेट नांदेडला मोठ्या दवाखान्यात न्या आणि कुलंटचा डबा बरोबर घ्या.

म्हणून ते घमेलं गोठ्याजवळ ठेवू नका, कालव्याच्या चारीत किंवा केळीच्या आळ्यात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर "विष" असं ठळक लिहा आणि जुनं ऑइल-कुलंट जमा करून घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका. आज घरी जाल तेव्हा शेडमधल्या बाटल्या एकदा बघून घ्या.