दसरा काढणाऱ्या हातांचा लाभ

(नवरात्रापूर्वी नाशिक येथे कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



भाद्रपद सरत आला की पंचवटीत आणि जुन्या नाशकातील वाड्यांत गच्च्या, कठडे गाद्या-गोधड्यांनी भरून जातात. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, फडताळे रिकामी होतात. ग्रामीण महाराष्ट्रात या कामाला 'दसरा काढणे' असे नेटके नाव आहे. घट बसण्यापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुऊन निघालेच पाहिजे, असा दंडक. इराणमध्ये हेच काम नवरोजपूर्वी, वसंताच्या तोंडावर होते. त्याला 'खानेतकानी', म्हणजे घर झटकणे, असे म्हणतात. तेथील घर थंडीत कोंडते, महाराष्ट्रातील पावसाळ्यात. म्हणून इकडची झाडलोट शरदाच्या उन्हात.

या उन्हाला कारण आहे. गादी-उशीत राहणारे धुळीतील सूक्ष्म किडे हवेतील दमटपणावर जगतात. त्यांच्यामुळे अनेकांना शिंका आणि दमा जडतो. चार महिन्यांची ओल शोषलेली गादी कडक उन्हात पडली की त्यांचा आधारच तुटतो. मात्र गोधड्या धुण्यासाठी गोदेचा घाट आता वर्ज्य मानावा. घर निर्मळ करताना साबणाचा फेस नदीत सोडणे, ही कसली शुद्धी?

पाण्याच्या भांड्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. डेंग्यू पसरवणारी डासाची मादी आपली अंडी पाण्याच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या ओलसर कडेला चिकटवते. ती कोरड्या भांड्यात कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणजे कूलर, पिंप किंवा कुंडीखालची ताटली नुसती उपडी करून भागत नाही. आतून खसाखसा घासावी लागते. अडगळीचे मोल या जिल्ह्याने पूर्वीही मोजले आहे. १८९९ साली भगूरला प्लेग आला आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत त्यात गेले. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने आदल्याच वर्षी कराचीत दाखवले होते. पण ते जगाने मान्य करेपर्यंत काही वर्षे गेली. भगूरच्या घरांतून तेव्हा कुणाला हे ठाऊक असणार?

हे झाले शरीराचे. मनाचा लाभ त्याहून मोठा आहे आणि तो कुणाच्या वाट्याला येतो, हाच खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या दोन संशोधिकांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या ३० कुटुंबांतील ६० जणांनी आपापल्या घराचे वर्णन केले आणि दिवसभरात त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजले गेले. ज्या स्त्रियांनी घराला पसारा आणि अपुरी कामे यांचे स्थान म्हटले, त्यांचे कॉर्टिसॉल संध्याकाळकडे जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते आणि दिवस सरेल तसे मनही खिन्न होत होते. पुरुषांत हा संबंध तितका आढळला नाही. ३० कुटुंबांवरून जगाचा निवाडा करू नये; पण नाशिकमधील कोणत्याही गृहिणीला यात नवल वाटणार नाही. पसारा घरातील सर्वांचा, त्याचा ताण मात्र एकीच्या शरीरात!

सणाच्या आधी आठ दिवस ती एकटीच स्टुलावर चढून जळमटे काढत असेल आणि घटस्थापनेच्या दिवशी कंबर धरून बसत असेल, तर त्या स्वच्छतेला कुटुंबाचा संस्कार म्हणता येत नाही. अलीकडे पैसे देऊन पूर्ण घर स्वच्छ करून घेण्याची सोय झाली आहे. वृद्ध दांपत्यासाठी ती उपकारकच. परंतु धडधाकट मुले असलेल्या घराने ती घेतली, तर घर चकचकीत होते आणि करणाऱ्याला मिळणारे समाधान विकत देऊन टाकले जाते.

ते समाधान पाहायचे असेल तर दहा वर्षांच्या मुलाच्या हाती काळवंडलेला तांब्याचा गडू आणि भिजवलेली चिंच द्यावी. तांब्यावरचा काळपट थर चिंचेच्या आम्लात विरघळतो. पाच मिनिटांत लालसर धातू झळकू लागतो. अभ्यासाचे फळ वर्षभराने दिसते, हे लगेच दिसते. तांबट आळी आणि भांडी बाजार असलेल्या या शहरात मुलांना कल्हई कशासाठी करतात, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात का कळकतो, हे ठाऊक नसावे, याची थोडी खंत वाटावी.

आता टाकण्याविषयी. फुटके, तडकलेले, वर्षानुवर्षे न वापरलेले जावे, हे ठीक. जुन्या भांड्यांची मोड देऊन नवे आणावे, कपडे धुऊन, घडी घालून द्यावेत. फाटके दान देणे हे दान नव्हे. पण आजींची पेटी सुनेने किंवा नातवाने परस्पर रिकामी करू नये. त्या पेटीत एखादे मोडी कागदपत्र असेल, आजोबांच्या पहिल्या पगाराची पावती असेल, कधीच न वापरलेले झबले असेल. जुने ग्रंथ रद्दीत घालण्याआधी १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेत विचारणा करावी. आणि पेटी उघडायची तर आजींच्याच हाताने, शेजारी नातवंडे बसवून. त्या एकेक वस्तू काढतील, काही ठेवतील, काही देऊन टाकतील. त्यात एक दुपार सहज जाईल.

घटस्थापनेपूर्वी मिळणाऱ्या रविवारांत पहिल्या दिवशी माळा आणि जळमटे पुरुषांनी घ्यावीत, दुसऱ्या दिवशी गाद्या आणि पाण्याची भांडी सर्वांनी मिळून. पेटी शेवटी ठेवावी, कुणाला घाई नसेल त्या दिवशी.