पतनानंतरचे उड्डाण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात तरुण-विभागापुढे दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी मला निमंत्रण देताना "तरुणांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगा" असे सुचविले होते. उपदेश ऐकण्याचा तरुणांना कंटाळा असतो आणि करण्याचा मला. म्हणून त्यांची क्षमा मागून मी एक प्रश्नच आपल्यापुढे ठेवणार आहे. जो एकदा सैन्यात राहून आला आहे आणि ज्याच्या नावावर पूर्वीची एखादी चूक नोंदली गेली आहे, असा मनुष्य पुढे लष्करी वैमानिक होऊ शकतो काय?

विषय आडवळणाचा वाटेल. पण तो आपल्या घरांपासून फार दूर राहिलेला नाही. आपली कित्येक कुटुंबे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या तरुणाला नागरिकत्व नसतानाही सैनिक म्हणून भरती होता येते. अशी भरती झालेल्या मुलांचे आईवडील अधूनमधून मला पत्रे लिहितात. त्यांत अभिमान असतो, काळजी असते, आणि कधी कधी पत्राच्या अगदी शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, लिहिलेली एक ओळ असते: मुलाच्या हातून मागे काहीतरी घडले होते, ते आता आड येईल काय? पत्रातला खरा मजकूर तोच असतो, हे मला आता कळू लागले आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एका माणसाची हकीकत सांगतो. डग्लस बेडर हे नाव आपल्यापैकी वडील मंडळींना ठाऊक असेल. १९५६ साली त्याच्या जीवनावर निघालेला चित्रपटही काहींनी पाहिला असेल. बेडरचा जन्म १९१० साली लंडनला झाला. वडील हिंदुस्थानात स्थापत्य अभियंता होते आणि त्याच्या बालपणाचा अल्प काळ इकडेच गेला. १९२८ मध्ये तो क्रॅनवेल येथील ब्रिटिश हवाई दलाच्या विद्यालयात दाखल झाला. खेळात पहिला आणि अभ्यासात जवळजवळ शेवटचा, असा त्याचा खाक्या होता. मनाई असलेल्या मोटारसायकलींच्या शर्यती, वेगमर्यादेचा भंग अशा उद्योगांमुळे त्याला काढून टाकण्यापर्यंत पाळी आली होती. विद्यालयाचे प्रमुख एअर व्हाइस-मार्शल हॅलहन यांनी त्याला खासगीत बोलावून कानउघाडणी केली. मुलगा ताळ्यावर आला आणि शेवटी मानाच्या तलवारीच्या स्पर्धेत दुसरा आला.

१९३० मध्ये तो अधिकारी होऊन केनली येथील २३ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. जमिनीलगत हवाई कसरती करण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. परंतु त्याच स्क्वाड्रनचे दोन वैमानिक अशा कसरती करताना प्राणास मुकले होते आणि २००० फुटांखाली कसरत करू नये अशी ताकीद सर्वांना मिळाली होती. बेडरने ती आज्ञा मानली नाही. तो तिला भित्र्यांसाठी दिलेला सल्ला समजला. १४ डिसेंबर १९३१ रोजी तो मित्रांसह वुडली येथील विमानतळावर गेला. कोणी डिवचले म्हणून म्हणा किंवा स्वभावच तसा म्हणून म्हणा, त्याने आपले बुलडॉग विमान जमिनीलगत आणून गिरकी घेतली. डावा पंख भूमीला टेकला. रेडिंगच्या रुग्णालयात त्याचे दोन्ही पाय कापावे लागले; एक गुडघ्याच्या वर, एक खाली. वय एकवीस. आपल्या उड्डाणवहीत त्याने या प्रसंगाची नोंद दोन तुटक वाक्यांत केली: जमिनीजवळ गिरकी घेताना कोसळलो, कामगिरी वाईट. विमानाला, वाऱ्याला किंवा मित्रांना त्याने एका अक्षराने दोष दिला नाही.

पुढे कृत्रिम पायांवर तो काठीवाचून चालू लागला, मोटार हाकू लागला, आणि १९३२ मध्ये विमानही चालवू लागला. उड्डाणाची चाचणी त्याने समाधानकारक दिली. तथापि १९३३ च्या वसंतात त्याला कळविण्यात आले की अशा मनुष्याची तरतूद राजाच्या सेवानियमांत नाही. तुम्ही उडू शकत नाही, असे त्याला कोणी म्हटले नाही. तुमच्यासाठी कलम नाही, एवढेच सांगितले. सरकारी कचेरीचा अनुभव ज्यांना आहे त्यांना यातील मर्म मी उलगडून सांगण्याची गरज नाही. त्याने सेवा सोडली आणि तो एका तेल कंपनीत कारकुनी मेजावर जाऊन बसला. सहा वर्षे बसला.

१९३८ मध्ये युद्धाचे ढग जमू लागताच त्याने पुन्हा अर्ज केला. नकार आला. १९३९ च्या ऑगस्टअखेरीस एअर व्हाइस-मार्शल पोर्टल यांचे उत्तर आले की शांततेच्या काळात हे शक्य नाही. मात्र युद्ध झालेच, तर डॉक्टरांची हरकत नसल्यास वैमानिक म्हणून बहुधा आपला उपयोग करता येईल. चारच दिवसांत युद्ध सुरू झाले. निवड-मंडळाने बोलावले, आणि त्या मंडळाच्या अध्यक्षस्थानी कोण असावे? क्रॅनवेलचे हॅलहन! ज्यांनी या तरुणाचे सगळे दोष जवळून पाहिले होते, त्यांनीच स्वतः शिफारस करून त्याला उड्डाण-परीक्षेसाठी मध्यवर्ती विमान-विद्यालयात पाठविले. माझ्या मते सगळ्या हकीकतीचा सांधा येथे आहे. अनोळखी अधिकाऱ्यांपुढे बेडर म्हणजे आज्ञाभंग करून पाय गमावलेला एक इसम होता. हॅलहन यांना मात्र हेही माहीत होते की एकदा कान उघडल्यावर हा मुलगा सुधारला होता.

येथे आपण टाळ्या वाजवाल, म्हणून घाईने पुढची गोष्ट सांगतो. त्या नोव्हेंबरमध्ये, आठ वर्षांनी प्रथमच एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळताच, या गृहस्थाने सहाशे फुटांवर विमान उलटे करून दाखविले! स्वभावाला औषध नाही, ही म्हण इंग्रजांनाही लागू पडते. पुढे १९४० मध्ये तो डक्सफर्डच्या १९ व्या स्क्वाड्रनमध्ये असताना उड्डाणापूर्वी पंख्याच्या पात्यांचा कोन बदलण्यास विसरला. स्पिटफायर विमान उचललेच नाही. धावपट्टी ओलांडून जाऊन कोसळले. डोक्याला खोक पडली, कृत्रिम पाय वाकले. ग्रुपचे प्रमुख ली-मॅलरी यांच्यापुढे उभा राहिला तेव्हा त्याने चूक माझीच आहे असे सरळ कबूल केले. त्यांनी बोलणी सुनावली असतील. पण २२२ व्या स्क्वाड्रनमध्ये तुकडीप्रमुख म्हणून त्याची ठरलेली बढती रद्द केली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये २४२ वी स्क्वाड्रन त्याच्या हाताखाली आली, आणि ब्रिटनच्या आकाशातील त्या प्रसिद्ध संग्रामात तो तिच्या अग्रभागी लढला. त्याच्या नावावर शत्रूची वीसहून अधिक विमाने जमा आहेत.

आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर कलकत्त्यात १८९८ साली जन्मलेल्या इंद्रलाल रॉय याचे घ्यावे. त्याची चूक म्हणण्याजोगी काही नव्हती. दृष्टी अधू ठरवून त्याला प्रथम नाकारण्यात आले होते. आपली मोटारसायकल विकून त्याने नामांकित नेत्रवैद्याकडून दुसरे मत मिळविले आणि तो भरती झाला. डिसेंबर १९१७ मध्ये त्याचे विमान पडले आणि वैद्यकीय मंडळाने त्याला पुन्हा अपात्र केले. तरीही हट्टाने तो परत आला. जुलै १९१८ च्या अवघ्या तेरा दिवसांत दहा हवाई विजय मिळवून २२ जुलैला तो धारातीर्थी पडला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. अपात्र ठरविणारा कागद हा अंतिम शब्द असतोच असे नाही, एवढ्यापुरता त्याचा उल्लेख केला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही उदाहरणे ऐकून कोणी असे समजू नये की धैर्य असले की दार उघडतेच. बेडरसाठी ते युद्धाने उघडले. शांततेच्या काळात मंडळासमोर कागद असतो, आणि प्रथम तोच वाचला जातो.

अमेरिकेत सेवामुक्त होणाऱ्या सैनिकाला 'डीडी २१४' नावाचा दाखला मिळतो. सेवा कोणत्या प्रतीने संपली हे त्यावर लिहिलेले असते, आणि पुन्हा भरती होता येईल की नाही याचा एक सांकेतिक आकडाही असतो. शाखेपरत्वे थोडा फरक असला तरी सामान्यतः १ म्हणजे मार्ग मोकळा, ३ म्हणजे विशेष सवलत मिळाल्यास मोकळा, आणि ४ म्हणजे बंद. या सवलतीला ते 'वेव्हर' म्हणतात. ती कोणाचा हक्क नव्हे. मागावी लागते आणि मिळेलच असे नाही. दाखला अन्यायाचा वाटत असल्यास सेवामुक्तीपासून पंधरा वर्षांच्या आत पुनर्विचार-मंडळाकडे अर्ज करता येतो. त्याशिवाय सेवा-नोंदी दुरुस्त करणारे वेगळे मंडळही आहे. पुष्कळांना ही वाट ठाऊकच नसते, आणि मुदत निघून जाते.

चुका सगळ्या एका मापाच्या नसतात. वरिष्ठाने दिलेली शिस्तीची किरकोळ शिक्षा, वेगाने गाडी हाकल्याचा दंड, विद्यार्थिदशेतील एखादा अविचार, यांवर काळ लोटला आणि त्यानंतरची वर्तणूक स्वच्छ राहिली तर सवलतीची आशा धरता येते. मद्य पिऊन गाडी चालविणे याला मंडळे फार गंभीर मानतात, आणि वैमानिकाच्या बाबतीत त्यांनी तसे मानावे हेच योग्य. कुटुंबातील व्यक्तीवर हात उगारल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरलेल्यास तर १९९६ च्या कायद्याने शस्त्र बाळगण्याचीच मनाई आहे. सैनिकासही त्यातून सूट नाही. आपल्या समाजात घरातल्या मारहाणीला "आमचा खासगी मामला" म्हणण्याची खोड आहे. तेथे तसे चालत नाही, आणि येथेही चालू नये.

वाटा दोन प्रकारच्या आहेत. हवाई दलाचा वैमानिक होण्यास पदवी, अधिकारपद आणि अर्थातच नागरिकत्व लागते. लष्कराच्या हेलिकॉप्टरांसाठी मात्र वॉरंट ऑफिसर म्हणून निवड होते. तेथे पदवीची सक्ती नाही, आणि जुन्या सैनिकांना ही वाट विशेष सोयीची पडते. तिसरी एक पाऊलवाट आहे, ती राज्याराज्यांच्या नॅशनल गार्डची. तेथील हवाई तुकड्या आपले भावी वैमानिक स्वतः निवडतात. उमेदवार महिनोन् महिने तुकडीत येतो, लोकांना भेटतो, आणि लोक त्याला ओळखू लागतात. कागदावर डाग असलेल्या मनुष्याला या ओळखीचा जितका उपयोग होतो तितका कशाचाच होत नाही. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चूक घडली, त्याच्याकडूनच शिफारसपत्र मिळविता आले तर पाहावे. मागायला जीभ रेटणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु हॅलहन आठवावेत.

वय हा मात्र निर्दय पहारेकरी आहे. तेहतिशीच्या सुमारास ही दारे मिटू लागतात. क्वचित सवलत मिळते, तिच्या भरवशावर राहू नये. आपल्या देशात तर ती याहून लवकर मिटतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुले विशीच्या आत जातात. पदवीधरांसाठी वायुदलाच्या उड्डाण-शाखेची मर्यादा चोवीस वर्षांची आहे, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असल्यास सव्वीस. शिवाय वैमानिकाची अभियोग्यता-चाचणी जन्मात एकदाच देता येते; तीत अनुत्तीर्ण झालेल्यास दुसरी संधी नाही. तेव्हा सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या मनुष्याला येथे वैमानिक होण्यास वाव जवळजवळ नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरे.

राहता राहिला लपविण्याचा प्रश्न. पत्रातून मला सर्वांत अधिक वेळा तोच विचारला जातो: "न्यायालयाने ते प्रकरण मिटविले आहे, मग अर्जात लिहायलाच हवे काय?" होय, लिहायला हवे. न्यायालयाने कागद मोहोरबंद केले तरी सैन्याच्या आणि सुरक्षा-तपासणीच्या अर्जांत ते सांगावे लागतात. तेथे जाणूनबुजून खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. वीस वर्षांच्या वयात केलेली चूक मंडळ कदाचित माफ करील. ती झाकण्यासाठी तिसाव्या वर्षी लिहिलेले असत्य करणार नाही. आणि मला आईवडिलांना आदरपूर्वक सांगावयाचे आहे की पुष्कळदा हा सल्ला मुलाला घरातूनच मिळालेला असतो: "कशाला सांगतोस, कोण विचारतो?" सल्ला मायेपोटी दिलेला असतो, हे मी जाणतो. पण त्याची शिक्षा मुलाला भोगावी लागते, सल्ला देणाराला नव्हे.

अर्ज करणाऱ्याने म्हणून प्रथम सर्व कागदांच्या प्रती मागवाव्यात: सेवामुक्तीचा दाखला, शिक्षेची नोंद, न्यायालयाचा निकाल, आणि वैद्यकीय तपासणीची कागदपत्रे. आपल्याला आठवते ते आणि कागदावर लिहिलेले आहे ते, यांत नेहमी अंतर असते; मंडळापुढे कागद खरा. नंतर एका पानात, स्वतःच्या शब्दांत, काय घडले, कोणाचे नुकसान झाले आणि त्यानंतर आपण काय केले, हे लिहावे. वकिलाकडून लिहवून घेऊ नये. हे पान दोन वेळा परत लिहावे, आणि त्यात "परंतु" हा शब्द जितक्या वेळा आला असेल तितक्या वेळा तो काढता येतो का ते पाहावे.

अध्यक्षमहाराज, वेळ संपत आल्याची खूण आपण केलीत, ती मी पाहिली. ज्या कुटुंबांकडे असे कागद असतील त्यांनी सभा संपल्यावर मागच्या खोलीत मला भेटावे. मी चहाच्या वेळेपर्यंत तेथे आहे. आणि ज्यांना चारचौघांत बोलणे अवघड वाटते त्यांनी चिटणीसांकडून माझा पत्ता घ्यावा.