मुफुलिराचं तांबं



स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकजवळ, हेडिंगेन नावाचं एक छोटं गाव आहे. २०१३ साली तिथल्या लोकांनी मतदान करून १,१०,००० फ्रँक मदतसंस्थांना देऊन टाकायचं ठरवलं. गावाला घबाड मिळालं होतं ते असं: ग्लेनकोर ही कच्च्या मालाचा व्यापार करणारी कंपनी २०११ मध्ये लंडनच्या शेअरबाजारात उतरली. तिचे तेव्हाचे प्रमुख इव्हान ग्लासेनबर्ग हेडिंगेनच्याच प्रांतातल्या रुश्लिकोनचे रहिवासी. त्यांनी भरलेला कर एवढा मोठा, की त्याचा वाटा आसपासच्या गावांनाही मिळाला. रुश्लिकोनने तर आपल्या रहिवाशांचा करच कमी केला! हेडिंगेनकरांना मात्र हा पैसा येतो कुठून, हा प्रश्न पडला.

त्या पैशाचा एक झरा झांबियातल्या मुफुलिरा शहरात होता. तिथल्या मोपानी तांबेखाणी २००० साली सरकारने विकल्या आणि पुढे त्यांची बहुतांश मालकी ग्लेनकोरकडे गेली. खाण तिथं, भट्टी तिथं, भट्टीचा गंधकाचा धूरही वर्षानुवर्षं तिथल्याच लोकांच्या घशात. तांबं मात्र विकलं जाई ते ग्लेनकोरलाच. आपल्याकडे बाजार समितीत लिलाव निदान चारचौघांसमोर पुकारला जातो. इथं विकणारा आणि घेणारा एकाच घरचे. भाव कमी लावला, की झांबियात नफा दिसत नाही; नफा नाही म्हणजे करही नाही. तोच माल पुढे चढ्या भावाने गेला, की नफा कमी कराच्या देशात उगवतो.

असं काही आम्ही केलं नाही, असं कंपनी म्हणत राहिली. पण २०२० मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोपानीला २००६ ते २००९ या काळापोटी सुमारे २४ कोटी क्वाचा (झांबियाचं चलन) इतका कर भरायला लावला.

व्यापारी हवेतच. जहाज, गोदाम, उधारी हे सगळं कुणीतरी सांभाळावंच लागतं. पण जोखीम कुणाची आणि कमाई कुणाची, हे नीट पाहावं. २०२१ मध्ये ग्लेनकोर मोपानीतून बाहेर पडली. झांबियाच्या सरकारी कंपनीने तिचा हिस्सा घेतला, किंमत १ डॉलर. सोबत १५० कोटी डॉलरचं कर्ज. तेव्हा ठरलं ते असं: कर्ज फेडायचं तांब्याच्याच पैशातून, आणि फिटेपर्यंत ते तांबं विकत घ्यायचा हक्क ग्लेनकोरकडेच.