रानातील अळंबी : ओळख आणि सावधगिरी



पावसाळा स्थिरावला, की मुरबाड-शहापूरकडील आदिवासी भगिनी अळंबी घेऊन कल्याण-ठाण्याच्या बाजारांत येऊन बसतात. वाळवीच्या घरावर उगवणाऱ्या या अळंबीला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी आपल्या घरात ही बुरशी जोपासते आणि पाऊस जमिनीत मुरला की तिच्या छत्र्या वर येतात. छत्रीच्या मध्यभागी उंचवटा असतो. देठ मुळासारखा खोल, थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. वेचणाऱ्या भगिनी केवळ रूपावर विसंबत नाहीत; जागा आणि हंगाम या दोहोंची त्यांना पारख असते.

शहरातील हिरवळीवर उगवलेली छत्री पाहून मोहात पडणाऱ्यास ही पारख नसते. क्लोरोफायलम मोलिब्डायटिस ही विषारी जात नेमकी अशा हिरवळीवर वाढते. कोवळेपणी तिच्या छत्रीखालचे पातळ पडदे पांढरे असतात व पुढे हिरवट होतात. पूर्ण उमललेली छत्री पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवल्यास हिरवट भुकटी पडते. मात्र भुकटी पांढरी पडली म्हणजे अळंबी निर्धोक, असे समजू नये. अमानिटा कुळातील प्राणघातक जातींची भुकटी पांढरीच असते. त्यांच्या बुडाशी पिशवीसारखे वेष्टन असते. वरून खुडल्यास ते जमिनीतच राहते.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, किडीने अळंबी खाल्ली, म्हणून ती चांगली, या समजुती निराधार आहेत. प्राणघातक अमानिटांचे विष शिजवून वा वाळवूनही जात नाही. त्याची लक्षणे बहुधा सहा तासांनंतर दिसतात. उलट्या-जुलाब होतात, मग काही काळ बरे वाटते. पण त्याच वेळी यकृताचा नाश चालू असतो. म्हणून अळंबी खाल्ल्यावर त्रास झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उरलेली अळंबी सोबत न्यावी आणि ती किती वाजता खाल्ली, हे डॉक्टरांना सांगावे. ज्यांनी ती खाल्ली त्या सर्वांची तपासणी व्हावी.

शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे अवश्य सांगावे : जाणत्या माणसाने जागेसह खात्रीने ओळखली नाही, ती अळंबी ताटात घेऊ नये. रानाचे हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्या भगिनींना गुरुस्थानी मानण्यात आपणा सर्वांचेच हित आहे.